अंधाराचे तेरा तास : मुलांसोबतच्या पहिल्या कॅम्पिंगची तयारी

पवना धरणाच्या काठावर आमच्या पहिल्या तंबूतल्या पहिल्या रात्री धाकटीने विचारलेला प्रश्न सापाचा नव्हता, भुताचाही नव्हता. ती म्हणाली, “आई, इथला लाइट बंद करायचा नसतो का?” ती बोट दाखवत होती चंद्राकडे.

मुलुंडमध्ये आमच्या खिडकीसमोर रस्त्याचा दिवा आहे. रात्री एक वाजेपर्यंत लोकलचा आवाज येतो, पहाटे चारला पुन्हा सुरू होतो. या मुलांनी खरी रात्र कधी पाहिलेलीच नाही. आम्ही मात्र तयारी केली होती ती दिवसाची. बॅडमिंटन, पतंग, चार प्रकारचा खाऊ, गॉगल. टॉर्च एकच, आणि त्याचे सेल घरच्या घड्याळातून काढलेले. त्या रात्री आम्ही दोघं मिळून दोन तास झोपलो असू.

डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो. म्हणजे तेरा तास अंधार. दिवसा मुलं आपापली रमतात, त्यांना माती आणि काठी पुरते. तयारी लागते ती या तेरा तासांची. पुढचं सगळं मी त्याच हिशेबाने लिहिते आहे. मुलं साधारण चार ते बारा वर्षांची आहेत, घरात आधी कुणी ट्रेकिंगवालं नाही आणि एकच रात्र राहायचं आहे, असं गृहीत धरते.

आधी दिवस, मग जागा

आपण जागेपासून सुरुवात करतो, ते उलटं आहे. आधी दिवस ठरवा.

पाऊस मुंबईत सरासरी ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. त्यानंतर महिनाभर जमीन ओली, गवत कमरेएवढं आणि डास भरपूर. म्हणून लहान मुलांसाठी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हाच काळ. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे झुंबड उडते. काजवे पाहावेत असेच असतात, पण पहिल्या खेपेला नको. उकाडा, वळवाचा पाऊस आणि अंधारात गाड्यांची रांग, तिन्ही एकदम अंगावर येतात.

शनिवारची रात्र शक्यतो टाळाच. पवनेच्या काठावर शनिवारी तंबूला तंबू लागलेला असतो आणि शेजारी कुणाचा तरी वाढदिवस निघतो. आमच्या शेजारच्या तळावर रात्री एकपर्यंत स्पीकर चालू होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि ११२ वर फोनही करता येतो. पण मांडीवर रडणारं पोर घेऊन नियम सांगत बसायची ताकद कुणात असते? नाताळच्या सुट्टीतला मधला वार धरा. एकतीस डिसेंबर सोडून कुठलाही.

तिथी पाहायलाही कॅलेंडर उघडा. तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपास जावं, हे खरं. पण पहिल्यांदा जाताना मी शुक्ल पक्षातली दशमी-एकादशी सुचवेन. संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चांदणं असतं, मुलांना एकमेकांचे चेहरे दिसतात, शौचालयाची वाट दिसते. तारे दुसऱ्या खेपेला.

आता जागा. मुंबईकरांसाठी ढोबळ तीन दिशा आहेत.

लोणावळ्याच्या पलीकडे पवना धरण. रस्ता चांगला, गाडी तंबूपर्यंत जाते, समोर तिकोना आणि तुंग, मागे लोहगड. दुसऱ्या दिवशी सकाळी लोहगडाच्या पायऱ्या सहा-सात वर्षांचं मूल आरामात चढतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या आपल्या किल्ल्यांत लोहगडही आहे, हे शाळेत सांगायला मुलांना आवडतं.

कसाऱ्याकडून घोटीमार्गे भंडारदरा. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागचा जलाशय आणि १६४६ मीटरचं कळसूबाई. तिन्हींत मला हेच सर्वांत आवडतं, पण थंडी खरी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. मुंबईच्या मुलाने आयुष्यात स्वेटर घातलेला असतो तो फक्त स्नेहसंमेलनात. लांबही आहे. पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे पुढच्या वर्षीवर ठेवा.

तिसरी दिशा अलिबागची. नागाव, रेवदंडा, काशीद. सुरूच्या बनात तंबू, थंडी बेताची, गेटवेवरून मांडव्याला लाँच किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो. मुलांचा अर्धा आनंद बोटीतच वसूल होतो. आजी-आजोबा येणार असतील तर डोळे मिटून हीच दिशा.

गाडी नसेल तर कर्जत लोकल पकडा. कर्जत, नेरळ, वांगणीच्या आसपास बऱ्याच शेतघरांच्या अंगणात तंबू लावून देतात. मुंबईतले हौशी आकाशनिरीक्षक वांगणी-नेरळला का जातात, ते तिथलं आकाश पाहिल्यावर कळतं.

मोकळी जागा दिसली म्हणून तंबू ठोकायचा, हे आपल्याकडे मुलांसोबत करू नये. जमीन कुणाची तरी असते आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. पहिल्यांदा जाताना मालक जागेवर राहतो असा तळच निवडा.

फोनवर काय विचारायचं

फोटोंवर विश्वास ठेवू नका. फोटोत संध्याकाळ नेहमीच गुलाबी असते. मालकाला फोन करा आणि नमनाला घडाभर तेल न घालता विचारा : किती तंबूंमागे किती शौचालयं? त्यात रात्री दिवा असतो का? तंबू पाण्यापासून किती पावलांवर? मध्ये कुंपण आहे का? रात्री दहानंतर गाणी बंद होतात का? गाडी कुठपर्यंत येते? रात्री जागेवर माणूस असतो का? जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि किती वेळाचं?

शेवटच्या प्रश्नाला “अहो ताई, काही होत नाही इथे” असं उत्तर आलं, तर दुसरा तळ शोधा. एका तळावरच्या मावशींनी मला रुग्णालयाचं नाव, रस्ता आणि “रात्री लागली तर आमच्या पोराची जीप आहे” इतकं न विचारता सांगितलं. आम्ही तीन वर्षं त्यांच्याकडेच जातोय. शौचालयात कमोड नाही, भिंतीला रंग नाही. चालतं.

पाण्याच्या अगदी काठावरचा तंबू फोटोला छान, पण मुलं असतील तर नको. किमान पन्नास-साठ पावलं मागे सरकून मागा.

गच्चीवरची रंगीत तालीम

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा. निघण्याआधी आठ-दहा दिवस एक रात्र बिल्डिंगच्या गच्चीवर तंबूत झोपा.

सेक्रेटरींची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी काका आधी “असं कुणी करत नाही” म्हणाले, मग स्वतःच्या नातवाला पाठवलं. गच्ची नसेल तर हॉलमधला सोफा सरकवा, पंखा बंद करा, सगळे दिवे घालवा, खिडकीला चादर लावा. तंबू नसेल तर दोरी आणि चादरीचा करा. तंबूचं प्रशिक्षण हा मुद्दाच नाही. रात्रीची ओळख करून घ्यायची आहे.

तालमीत चार गोष्टी बघायच्या. पहिली, अंथरूण. कॅरीमॅटवर, म्हणजे गुंडाळता येणाऱ्या फोमच्या चटईवर, झोपून मूल रात्री किती लोळतं, थंडी कुठून लागते. दुसरी, चेन. आतून-बाहेरून तंबूची चेन मुलाला स्वतः, अंधारात, उघडता आली पाहिजे. आमच्या धाकटीला ती अडकली की ती घाबरायची. गच्चीवर वीस वेळा उघडझाप केल्यावर तो खेळ झाला. तिसरी, शू. झोपेतून उठून चप्पल शोधणं, टॉर्च लावणं, जाऊन येणं हे सगळं एकदा करून बघा. चौथी, टॉर्च. प्रत्येक मुलाचा स्वतःचा, शक्यतो डोक्याला बांधायचा. “माझा उजेड माझ्या हातात” एवढ्यावर निम्मी भीती जाते. दुसऱ्याच्या डोळ्यांवर मारायचा नाही हा नियमही इथेच घालून द्या, नाहीतर तिथे भांडणं होतात.

आणखी एक गंमत करा. मोबाइलवर रात्रीचे आवाज ऐकवून ठेवा. रातकिडे, बेडूक, टिटवी, पिंगळा. रातवा हा पक्षी तर टेबल टेनिसचा चेंडू उसळत उसळत थांबावा तसा ओरडतो. ओळखीचा आवाज भीतीचा राहत नाही. पवनेला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मध्यरात्री टिटवी ओरडत गेली. मी दचकले, आणि धाकटी झोपेतच म्हणाली, “टिटवी गं.”

तालीम फसली तर वाईट वाटून घेऊ नका. रात्री अकराला “घरात जाऊया” म्हणून मूल हट्टाला पेटलं, तर खाली घरात जा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. गच्चीवरून घर चार जिने असतं. भंडारदऱ्याहून पाच तास.

काय विकत घ्यायचं, काय नाही

पहिल्या खेपेला तंबू विकत घेऊ नका. तळावर मिळतो, नाहीतर भाड्याने आणता येतो. स्वतःचा घेतलाच तर लक्षात ठेवा, “चार माणसांचा” असं लिहिलेला तंबू म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. दोन मोठी आणि दोन लहान असतील तर तो बरोबर बसतो. त्याहून लहान नको.

विकत घेण्याजोग्या गोष्टी तीनच : डोक्याचे टॉर्च, कॅरीमॅट आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. स्लीपिंग बॅग भंडारदऱ्याला हवी. पवना-अलिबागला घरच्या गोधड्या पुरतात, आणि आजीच्या गोधडीचा वास असला की मूल लवकर झोपतं, हा फायदा कुठल्याच दुकानात मिळत नाही.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. लोक अंगावर तीन पांघरुणं घेतात आणि खाली पातळ चटई टाकतात. उलटं करा. तंबूखाली ताडपत्री, तिच्या कडा तंबूच्या खाली दुमडलेल्या, नाहीतर दंवाचं पाणी तिच्यावरून ओघळून तुमच्या पाठीखाली येतं. तंबूत कॅरीमॅट, त्यावर सतरंजी, मग गोधडी. कॅरीमॅट कमी पडल्या तर वर्तमानपत्राचे जाड थर घाला, चांगले काम देतात.

झोपण्याचे कपडे वेगळे ठेवा आणि ते दिवसभर कुणालाही घालू देऊ नका. एक कोरडा जोड, मोजे, माकडटोपी. फोटोत मुलं माकडटोपीत बावळट दिसतात म्हणून थोरला कुरकुरला होता. पहाटे चारला त्यानेच शोधून घातली. कपडे प्रत्येकाचे वेगळ्या कापडी पिशवीत आणि पिशव्यांचे रंग वेगळे. अंधारात एकच मोठी बॅग उपसणं म्हणजे तंबूभर पसारा.

सॅक मुलांनाच भरू द्या. चार वर्षांचं मूलसुद्धा स्वतःचा टॉर्च, पाण्याची बाटली, टोपी आणि एक खेळणं उचलतं. आणि प्रत्येकाला एक काम द्या, खरं काम, लुटूपुटूचं नाही. आमच्याकडे थोरला खुंट्यांचा मालक आणि धाकटी टॉर्चची. संध्याकाळी साडेपाचला ती सगळ्यांचे टॉर्च लावून तपासते आणि जादा सेल तिच्याच पिशवीत असतात.

औषधांचा डबा

तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा फोन करा आणि वजनाप्रमाणे तापाचं औषध, उलटीचं औषध आणि ॲलर्जीचं औषध किती द्यायचं ते कागदावर लिहून डब्यात टाका. रात्री दोनला टॉर्चच्या उजेडात बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, जखम धुवायचं औषध, पट्ट्या, क्रेप बँडेज, काटा काढायचा चिमटा, कॅलामाइन. दम्याचं मूल असेल तर त्याचा पंप माझ्या खिशात, डब्यात नाही. ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि मिठाचं माप वाढवायचं नाही.

डासांचं मलम सूर्य मावळायच्या आधी लावा, नंतर नाही. लहानांच्या तळहाताला लावू नका, ते हात तोंडात जातात.

जेवण

इथे थोडं रेंगाळते, कारण माझा नवरा पहिल्या वेळी बार्बेक्यूची जाळी, मॅरिनेट केलेलं पनीर आणि सिमला मिरचीचे चौकोन घेऊन निघाला होता. कोळसे पेटायला दीड तास लागला. मुलांनी तोवर चिवडा खाल्ला आणि झोपली.

रात्रीचं जेवण अंधार पडायच्या आत व्हायला हवं आणि त्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. घरून भाजलेला रवा, मुगाची डाळ-तांदूळ मोजून मीठ-हळद-जिऱ्यासकट पिशवीत भरलेले, फक्त पाणी घालून शिजवायचे. पहिल्या दिवशीच्या दुपारसाठी दशम्या किंवा ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस छान राहतात. उकडलेली अंडी सालासकट. सकाळी पोहे. तळावर जेवण मिळत असेल तर फारच उत्तम, फक्त मुलांसाठी कमी तिखट वेगळं काढायला आधी सांगा. पोटभर खिचडी खाल्लेलं मूल रात्री उठत नाही, हा माझा शोध.

अलिबागकडे गेलात तर पोपटी सोडू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा आल्या की रायगड जिल्ह्यात रात्री शेतात पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर मसाला लावलेली कोंबडी, मध्ये ओवा आणि जाडं मीठ, वर पुन्हा पाला ठासून तोंड बंद. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. अर्धा-पाऊण तास. मुलं जागची हलत नाहीत. मडकं उघडताना जी वाफ येते, तिच्यासाठी तरी मी दरवर्षी जाते. यजमानांना एक दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, पाला शोधायला वेळ लागतो.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा, स्वयंपाकासकट. चौघांसाठी वीस लिटरचा एक जार पुरतो. विहिरीचं किंवा धरणाचं पाणी मुलांना द्यायची वेळ आली तर खळखळ उकळूनच. लहान गॅसची शेगडी नेणार असाल तर ती गाडीनेच, लोकलमध्ये गॅसचा डबा किंवा रॉकेल न्यायला बंदी आहे.

आणि कितीही थंडी असली तरी शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली तंबूत आणायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. यात अपवाद नाही.

निघण्याचा दिवस

घरून पहाटे साडेपाचच्या आत निघा. सुट्टीच्या सकाळी एक्स्प्रेस-वेवर खालापूरपासून बोरघाटापर्यंत काय होतं ते प्रत्येक मुंबईकराला माहीत आहे. गाडी लागणाऱ्या मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नका आणि भरल्या पोटीही नको. एक कोरडी पोळी किंवा बिस्किटं, घाटात मोबाइल बंद, खिडकीबाहेर लांब बघायचं, तोंडात आवळासुपारी. जुना टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी, डिकीत नाही.

काहीही झालं तरी तीन वाजेपर्यंत तळावर. तंबू उजेडात लागला पाहिजे. जागा निवडताना आधी वर बघा : वाळलेली फांदी डोक्यावर नको, आणि झाडाला मोहोळ तर नाही ना. मग खाली : वारुळं, उंदरांची बिळं, दगडांचे ढीग यांपासून लांब. उतार असेल तर डोकं चढाकडे. तंबूचं दार शौचालयाच्या वाटेकडे. जवळ पांढरी ओढणी किंवा टॉवेल एखाद्या झाडाला बांधा, अंधारात वाटेची खूण होते.

मग मुलांना घेऊन हद्द फिरा. या दगडापासून त्या झाडापर्यंत आपलं घर. याच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय नाही. हरवलंच कुणी तर पळत सुटायचं नाही, जवळचं झाड धरून बसायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची. गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नाही. माझा मोबाइल नंबर धाकटीच्या दंडावर पेनाने लिहिलेला असतो.

पाण्याबाबत मी कठोर आहे. धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत नाही. दोन पावलांवर गुडघाभर आणि तिसऱ्यावर डोक्याएवढं, तळाशी गाळ, त्यात पाय रुततो. पवनेत बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्यांत पोहता येणारेही असतात. मुलांनी पाण्यात पाय बुडवायचे ते मोठ्याचा हात धरून, आणि होडीत लाइफ जॅकेट नसेल तर होडी नाही. समुद्रावर भरतीची वेळ आधी बघा. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. वद्य अष्टमीलाही तसंच. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. पाणी ओढत असताना मुलांना आत सोडू नका.

अंधार पडल्यावर

सहा वाजता सगळ्यांना एकदा शौचालयाकडे न्या, गरज असो वा नसो. उजेडात वाट आणि आतली कडी बघून घेऊ दे. झोपण्याआधी पुन्हा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी घरचं पॉटीचं भांडं न्या, रात्री तंबूच्या दारातच भागतं. कुठे शौचालय नसलंच तर पाण्यापासून शंभरेक पावलं दूर वीतभर खड्डा आणि वर माती, पण ओले टिश्यू आणि डायपर पिशवीत बांधून परत मुंबईला. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. तानसा-वैतरणाच्या काठावर कुणी असं केलं तर ते आपल्या नळाला येतं.

शेकोटी पेटवायची तर तळावरच्या ठरलेल्या जागीच. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. लहान मुलांना तीन पावलांची रेघ काठीने मातीत काढून द्या, रेघेच्या आत फक्त मोठे. नायलॉनचे जॅकेट घालून शेकोटीजवळ नको. विझवताना पाणी, मग ढवळणं, मग पुन्हा पाणी, राख हाताला गार लागेपर्यंत.

सात ते नऊ हे खरे कसोटीचे तास. जेवण झालंय, झोप आलेली नाही, मोबाइल नाही. इथे आकाश कामाला येतं. डिसेंबर-जानेवारीत आठच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र चढलेलं असतं. चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि नऊपर्यंत खाली झळझळीत व्याध दिसतो, ज्याने तो मारला. जवळजवळ डोक्यावर कृत्तिकांचा झुबका. मुलांना विचारा किती मोजता येतात. चष्मा नसलेलं मूल बापाला हरवतं. मग उत्तरेकडे तोंड करून हात लांब करा आणि क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. मूठ साधारण दहा अंशांची, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून एकोणीस अंशांवर. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेला जो एकटा, मंद तारा दिसतो तोच. “एवढाच?” असं प्रत्येक मूल म्हणतं.

भुताच्या गोष्टी पहिल्या रात्री नाहीत. काका-मामांना आधीच तंबी द्या.

झोपताना बूट-चपला तंबूच्या आत, पिशवीत. सकाळी घालण्याआधी उलटे करून झटकायचे. खाऊ तंबूत नाही, गाडीत. उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. चेन पूर्ण बंद, पण वरच्या जाळीच्या खिडक्या उघड्या. त्या बंद केल्या की श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे थेंब पडतात. तंबू गळतो म्हणून लोक उगाच मालकाशी भांडतात.

अडचण आली तर

साप चावण्याची शक्यता थंडीत कमी, पण उत्तर पाठ हवं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि बरेचदा कळतसुद्धा नाही, म्हणून चेनबंद तंबूतच झोपायचं. चावल्यास कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातातलं कडं-अंगठी काढायची, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, उचलून सरकारी रुग्णालयात. प्रतिविष तिथे असतं. रुग्णवाहिकेला १०८.

लाल विंचू मुलांना मोठ्यांपेक्षा घातक. नुसती आग होत असेल तर ठीक, पण घाम, उलट्या, हातपाय गार असं दिसलं तर एक मिनिट थांबू नका. यावर इलाज आहे, आणि तो आपल्याच रायगडात शोधला गेला : महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं आणि असंख्य जीव वाचवले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास मात्र परत मिळत नाही.

रात्री मूल रडू लागलं आणि थांबेना, तर गाडीत जाऊन बसा. दारं बंद, आतला दिवा लावून दहा मिनिटं. गाडी म्हणजे त्याच्यासाठी ओळखीची खोली असते. थोरला पहिल्या रात्री तिथेच झोपला, मी काच थोडी खाली करून शेजारी बसून राहिले.

परत आल्यावर

सकाळी तंबू आवरताना तो दंवाने भिजलेला असतो. तसाच गुंडाळला तर चालतं, पण घरी आल्याबरोबर, अंघोळीच्याही आधी, गच्चीवर उलटा पसरा. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही. भाड्याचा असेल तर अनामत जाते. शिलाईवरून हात फिरवून ओल राहिली नाही ना बघा, मग सैल घडी घाला, घट्ट गुंडाळी नको. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. आणि खुंट्या मोजा. आमच्या कायम एक कमी भरते, आणि थोरला शपथेवर सांगतो की त्याने सगळ्या उचलल्या होत्या.